मुंगीच्या जन्माला गेलेली सासू

पुंडलिकनगरातल्या त्या गल्लीत ताप आला की लोक डॉक्टरकडे जायचे, नळ आला नाही की नगरसेवकाकडे, आणि मुंग्या झाल्या की बानाबाईकडे. या तिघांपैकी हमखास घरी सापडायची ती एकटी बानाच.

ती यायची, पदर खोचायची आणि कमरेवर हात ठेवून आधी घरच्या बाईला झापायची. "मुंग्या आल्या नायत बाई, तुम्ही बोलवून आणल्यात. ही शेगडीमागची साखर काय पाव्हण्यांसाठी सांडून ठेवली?" मग रांगेशेजारी उकिडवी बसून गुळाचा एक खडा ठेवायची आणि मुंग्या तो कुठे नेतात ते बघत राहायची. रांगेवर ओलं फडकं फिरवून मुंग्या घालवल्या म्हणणाऱ्या बायकांचा तिला मनस्वी राग यायचा. रांग पुसली तर तासाभरात दुसरी येते. मुंग्यांचं घर सापडलं पाहिजे. ते सापडलं की आधी आत कढत पाणी, मग पावडर, मग वरून चुना-सिमेंटाचा लेप. ज्यांना जीव मारायचा नसेल त्यांच्यासाठी तिचे सोवळे उपाय निराळे होते. साखरेच्या डब्यात लवंगा, उंबऱ्याला हळदीची रेघ, फरशी पुसायच्या पाण्यात मूठभर मीठ, दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत. उन्हाळ्यात मुंगीला पाणी हवं असतं, म्हणून मोरी कोरडी ठेवा आणि माठाखालची ओल पुसत जा, हेही ती बजावून सांगायची.

हे सगळं ती मेंढवाड्यातून शिकून आली होती. मल्हारराव, म्हणजे तिचा नवरा, बिडकीनच्या पलीकडच्या माळावरचा धनगर. मेंढरांच्या गोचिडांवर कोणती पावडर कुठे आणि किती लावायची हे बाना लग्नाआधीपासून जाणत होती. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली. मल्हारराव औरंगाबादेत आले, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले, आणि पुढे पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधून वर पत्रे टाकले. गल्लीतली बाकीची घरं जमीनजुमलेवाल्यांची. राहायला आल्या आल्या शेजारच्या मनकर्णाबाईंनी नाक जरासं वर करून विचारलं होतं, "तुमच्या घरात लोकरीचा वास येतो का हो?" प्रश्न तसा साधाच होता. पण बानानं त्या दिवशी घर तीनदा धुतलं. त्या दिवसापासून तिनं घराला जे जपायला घेतलं ते असं की पुढच्या दहा वर्षांत त्याच मनकर्णाबाई तिला मुंग्यांसाठी बोलवायला येऊ लागल्या. माझ्या घरात मुंगीसुद्धा नाही, हे बानाचं गल्लीला दिलेलं उत्तर होतं. माणसाला एखादा अभिमान असावा. तो नसला तर जगणं बेचव होतं. पण त्या अभिमानानं आपला कान बंद केला तर काय होतं, ते बानाच्या वाट्याला आलं.

त्या साली माघात तिची सासू पुतळाबाई गावाकडे ओसरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. मल्हाररावांनी आईला जीपमध्ये घालून शहरात आणलं. बाहेरच्या खोलीत, भिंतीच्या कोपऱ्यात, तिची खाट पडली. म्हातारी सारी हयात उघड्यावर झोपलेली. इथे तिला काही म्हणता काही रुचेना. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, पंख्याचं वारं अंगात भरतं, मेंढरांचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही. एक काळी घोंगडी तेवढी तिनं गावाहून आणली होती आणि ती अंगावरून काढू द्यायची नाही. बानाला त्या घोंगडीची लाज वाटायची, पण तोंडानं कधी बोलली नाही. दोन वेळा खाऊ घालणं, घोंगडीखालून हात-पाय पुसणं, उशी सारखी करणं, सगळं तिनं केलं. खाटेच्या चारी पायांखाली पितळी वाट्या ठेवून त्यात रोज पाणी भरलं. निजून असलेल्या माणसाच्या खाटेला मुंग्या लागतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

चैत्र लागला आणि म्हातारी एक नवीनच गाऱ्हाणं सांगू लागली.

"बाने, चावतं गं मला."

"काय चावतंय?"

"मुंग्या. हिकडच्या अंगाला."

बानानं वाट्या बघितल्या. चारीही काठोकाठ भरलेल्या. खाटेखाली बघितलं, चादरीवर हात फिरवला. "आत्या, पायाखाली पाणी हाय. मुंगी काय उडत येती व्हय? माझ्या घरात मुंगी नाय."

"हाय गं. बघ की."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा तर मनकर्णाबाई चहाला बसलेल्या असताना म्हातारीनं हाक मारली, "बाने, ह्या मुंग्या मला खात्यात गं." मनकर्णाबाईंनी कपातून वर पाहिलं. बानाचं तोंड तापलं. ती हसून म्हणाली, "वय झालं का भास व्हत्यात. कालच म्हणल्या, बकऱ्या दारात आल्यात म्हणून." बकऱ्यांचं तिनं मनानं जोडलं होतं. म्हातारीनं सुनेकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर ती कधी काही बोलली नाही. बानाला वाटलं, बरं झालं, समजलं एकदाचं.

चार-पाच दिवसांनी सकाळी चहा पाजताना पुतळाबाई गेली. घोट तोंडातून परत आला, एवढंच.

मल्हारराव माणसं गोळा करायला बाहेर पळाले. खोलीत बाना एकटी होती. म्हातारीला आंघोळ घालायला घ्यायची म्हणून तिनं घोंगडी ओढली, तर ती सहज येईना. घोंगडीचा काठ खाट आणि भिंत यांच्यामध्ये खाली लोंबून भिंतीला टेकलेला होता. भिंतीच्या फटीतून निघालेली लाल मुंग्यांची बारीक रांग त्या काठावर चढत होती. काळ्या लोकरीवर ती दिसतच नव्हती. हात लावला तेव्हा कळली. बानानं म्हातारीला कुशीवर केलं. उजव्या अंगाला, काखेपासून कमरेपर्यंत, बारीक लाल पुटकुळ्यांचं रान उठलं होतं. मोडक्या खुब्यामुळे त्या अंगावरच तर म्हातारी निजून असायची, आणि तिला स्वतःहून वळता येत नव्हतं.

बानानं आरडाओरडा केला नाही. तिनं घोंगडी गुंडाळून मोरीत टाकली, वरून उकळतं पाणी ओतलं, भिंत पुसली. बायका आल्या तेव्हा म्हणाली, "आंघोळ मीच घालते, आत्याला परक्याचा हात आवडायचा नाय." घातली तीही एकटीनंच, आणि नवं लुगडं गळ्यापर्यंत नेसवलं. मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." ते वाक्य बानाच्या छातीत जे रुतलं ते रुतलंच.

संध्याकाळी माती झाल्यावर म्हातारीचा धाकटा भाऊ मुंजाबा यानं रीतीप्रमाणे जीव गेला ती जागा धुवायला लावली. त्यावर ज्वारीचं पीठ चाळून सारखं पसरलं, मध्ये दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. मेलेलं माणूस पुढे कोणत्या जन्माला गेलं ते त्या पिठात उमटतं. कधी पाखराचा पंजा, कधी सापाची रेघ, कधी लहान लेकराचं पाऊल. मेंढराचा खूर निघाला असता तर सगळ्या भावकीला बरं वाटलं असतं.

सकाळी मुंजाबानं टोपली उचलली. पिठात भिंतीकडून दिव्याकडे एक नागमोडी बारीक वाट गेली होती, दोन्ही बाजूंना टाचणीनं टोचल्यासारखे ठिपके. मुंजाबा गुडघ्यावर बसला, बराच वेळ बघत राहिला. मग उठून म्हणाला, "अक्का मुंगीच्या जन्माला गेली."

"चांगलं झालं," कोणीतरी म्हणालं. "कष्टाची जात हाय. आयुष्यभर राबलीच की."

चैत्राच्या दिवसांत पीठ उघडं ठेवलं की त्यात मुंगी फिरणार. त्यातून ते मुंग्यांच्या फटीपासून हातभर अंतरावर ठेवलेलं. हे साऱ्या गल्लीला समजावून सांगणारी बाई तिथेच उभी होती. पण माहीत असणं वेगळं आणि मानणं वेगळं. बाना दाराची चौकट धरून उभी राहिली. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट म्हातारीनं जाता जाता पिठात लिहून ठेवली, असंच तिला वाटलं.

आठ दिवसांनी पाव्हणे पांगले आणि कोपऱ्यातून रांग निघाली. बाना चहा गाळत होती. हात सवयीनं फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तोंडातून आपोआप निघालं, "आत्या?"

मग तिनं चिमूटभर साखर घेतली आणि फटीपाशी ठेवली.

तिथून बानाच्या घराचा रंगच पालटला. फरशी पुसताना ती त्या कोपऱ्यापासून लांबूनच पोछा फिरवायची. पावडरचा डबा माळ्यावर गेला. स्वयंपाकघरात रांग आली तर फुंकर घालून वाट वळवायची. दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि पत्रे तापून कडकडू लागले की तिला खाटेच्या जागेवरून आवाज यायचा, "बाने, चावतं गं मला." ती उठून जायची. तिथे खाट नव्हती, काहीच नव्हतं, नुसती रांग. रात्री उजव्या कुशीवर झोपलं की अंगात चावे उठायचे. दिवा लावून चोळी वर करून बघावं तर कातडी स्वच्छ. ओळखीच्या वैदूनं खाज म्हणून मलम दिलं. बानानं ते लावलंच नाही. चावतं तर चावू दे, असं तिला वाटायचं. निदान हिशेब कुठेतरी फिटतोय.

मनकर्णाबाई एकदा बोलवायला आल्या. "चला हो, आमच्या पापडांच्या डब्यात शिरल्यात."

"माझ्यानं आता व्हत नाय बाई."

मनकर्णाबाईंची नजर खोलीत फिरली, कोपऱ्यावर थांबली. "अगं बाई! वैद्याच्याच घरात खोकला?" त्या थट्टेनं म्हणाल्या. एरवी बानानं सव्वाशेर उत्तर दिलं असतं. त्या दिवशी तिनं नुसती मान हलवली, आणि मनकर्णाबाईंना थट्टा केल्याचं वाईट वाटलं.

मल्हारराव मुळात अबोल माणूस. आई गेल्यापासून तर त्यांच्या तोंडातून कामापुरतं बोलणंही कष्टानं निघायचं. त्यांना काही कळलेलं नाही, अशी बानाची समजूत होती. एका सकाळी पहिल्या पाळीला निघताना ते परत आत आले, साखरेच्या डब्यातून चिमूट घेतली आणि कोपऱ्यात जाऊन वाकले. साखर ठेवून त्यांनी हात जोडले नाहीत, काही पुटपुटले नाहीत, नुसते थोडा वेळ तसेच वाकून राहिले. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून बाना बघत होती. हा माणूस आईला साखर घालतोय आणि त्याची आई कशानं तळमळली ते मला ठाऊक आहे, या विचारानं तिला घास जाईना. सांगावं, असं कितीदा मनात आलं. पण सांगितलं तर तो पुन्हा आपल्या हातची भाकरी खाईल का, याची तिला खात्री नव्हती.

दोघांच्या साखरेवर ते मुंग्यांचं घर वर्षभर पोसलं गेलं. पावसाळ्यात, थंडीत जरा दबलं, आणि पुढच्या होळीनंतर शहाबादी फरशीच्या प्रत्येक सांध्यातून लाल मुंग्या वर येऊ लागल्या.

त्याच सुमाराला शिवकन्या बाळंतपणाला आली. बानाची एकुलती लेक, दौलताबादला दिलेली. किल्ल्याखाली जावयाचं पेरू-सीताफळांचं दुकान. पहिलं बाळंतपण माहेरचं. दारातून आत आली, पिशवी ठेवली आणि तिचा पाय तसाच वर राहिला.

"आई, ह्ये काय? तुझ्या घरात?"

"उन्हाळा हाय. हुतंय."

"आपल्या घरात कधी व्हत नव्हतं. पावडर कुठंय?"

"पोटुशी बाईनं पावडरीला हात लावू नये," बाना म्हणाली. ते खरंही होतं आणि खोटंही.

वैशाखात शिवकन्येला मुलगी झाली. मनकर्णाबाईंनी दवाखान्यातच बाळाचं तोंड बघून म्हटलं, "कपाळ बघा, कपाळ! सासूच आली तुमची." बाना हसली, पण मनात म्हणाली, आत्या इथं कशी येईल, आत्या तर भिंतीत आहे.

घरी आणायच्या आदल्या दिवशी तिनं आपले सगळे सोवळे उपाय पणाला लावले. आतल्या खोलीत पत्र्याच्या अँगलला लुगड्याची झोळी बांधली. दोरीला कडुनिंबाच्या तेलात भिजवलेलं, हळद लावलेलं फडकं गुंडाळलं. उंबऱ्यावर हळद, कोपऱ्यात कापूर, खिडकीत काकडीच्या साली. गोडाचा एकूण एक डबा पाण्याच्या घमेल्यात. मग ती बाहेरच्या खोलीतल्या कोपऱ्यात बसली आणि पुढ्यात मूठभर साखर ओतून म्हणाली, "आत्या, पाया पडते. साखर हिकडं हाय. लेकराकडं जाऊ नका."

काही दिवस म्हातारीनं ऐकलं. बानाला तर तसंच वाटलं. दोरी स्वच्छ, झोळी स्वच्छ. बाळाला शेक, धुरी, तेल, सगळं ती स्वतः करायची आणि दर थोड्या वेळानं दोरी बघून यायची. शिवकन्येनं एकदा म्हटलंही, "आई, तू बाळापेक्षा दोरीलाच जास्त बघतीस."

मग ती दुपार आली. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाळ रडायला लागलं. शिवकन्येनं पाजायला घेतलं तर तोंड लावेना. "पोट दुखत असंल," ती म्हणाली. ओव्याची धुरी झाली, दुपट्यावरूनच पोट शेकून झालं. बाळ आणखीच कळवळून रडू लागलं, मध्येच श्वास धरून निळं पडू लागलं. बानानं दोरीकडे बघितलं. फडकं जागच्या जागी, एक मुंगी नाही. दोरीवर मुंगी नाही म्हणजे झोळीत मुंगी नाही, हे तिच्या मनात आलं मात्र, आणि तिच्या अंगावर काटा आला. अशीच ती चार भरलेल्या वाट्या बघून उठली होती.

तिनं लेकीच्या हातातून बाळ ओढून घेतलं, दुपटं फाडल्यासारखं सोडलं. बेंबीच्या ओल्या देठाभोवती लाल मुंग्यांचा गोळा झाला होता. काखेत होत्या, मानेच्या वळीत होत्या. झोळीला नाही, दुपट्याला लागल्या होत्या. दुधाच्या वासाची दुपटी बानानंच धुऊन घडी करून भिंतीतल्या फडताळात ठेवली होती आणि त्यातलंच एक स्वतःच्या हातानं बाळाला गुंडाळलं होतं.

शिवकन्या किंचाळली. बाना बोटांनी एकेक मुंगी ओढून काढत होती. काही मुंग्यांची डोकी कातडीत तशीच राहत होती. कोमट पाण्यानं धुतलं, खोबरेल लावलं. एक पापणी फुगून डोळा बंद झाला होता. रिक्षा करून मनकर्णाबाई आणि शिवकन्या बाळाला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. जाताना शिवकन्या दारातून वळून म्हणाली, "तुला येत नव्हतं असं नाय आई. तुला करायचं नव्हतं. तू काय केलंस हे?"

बाना दारात उभी राहिली ती रिक्षा वळेपर्यंत. मग आत येऊन तिनं मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, माळ्यावरून पावडरचा डबा काढला, कोपऱ्यात पहार आणून टाकली. तिचे डोळे कोरडे होते. पाणी उकळायला लागलं तेव्हा शेजारचं पोरगं सांगून गेलं, डॉक्टरांनी बाळाला औषध दिलंय, डोळ्याला धोका नाही, थोडा वेळ ठेवून घेऊन घरी सोडणार आहेत. मग मात्र ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

पाळी संपवून मल्हारराव आले ते अशा घरात. पहार, डबा, उकळतं पाणी, आणि कोपऱ्यातली रांग.

"काय करतीस?"

तिनं बाळाचं सांगितलं. ते ऐकत होते, पण नजर कोपऱ्यावरून हलेना. "बरं हाय ना आता लेकरू?"

"बरं हाय." बाना उठली आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. "आवो, मला हे करू द्या. पाप लागू दे मला, लागायचं ते आधीच लागलंय. आत्या सांगत व्हत्या, मुंग्या चावत्यात म्हणून. मी म्हणलं भास हाय. खऱ्याच व्हत्या. आख्खं अंग खाल्लं व्हतं. मी धुतलं, झाकलं, आन कोणाला सांगितलं नाय. तुम्हालाबी नाय."

तिला वाटलं होतं, आता हात उगारतील, नाहीतर उठून बाहेर निघून जातील. मल्हारराव खाली बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला म्हणली व्हती," ते म्हणाले.

"काय?"

"मायनं मलाबी सांगितलं व्हतं. रोज. मी कामावर निघायच्या टायमाला हात धरायची, म्हणायची, मल्हारी, मुंग्या हायेत रं. आन मी हसायचो. म्हणायचो, माय, सबंध पुंडलिकनगर हिला मुंग्यांसाठी बोलवून नेतंय, हिच्या घरात कुठली मुंगी? लई अभिमानानं म्हणायचो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "वाकून बघितलं नाय मी. तिच्या पोटचा असून एकदाबी बघितलं नाय."

बानाला रडू फुटलं. वर्षभर एका छपराखाली, एका डब्यातून साखर घेत, दोघं एकमेकांपासून लपून एकाच म्हातारीला समजावत होती.

तिनं पहार उचलली. मल्हाररावांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. जोरानं नाही, सावकाश.

"सर तिकडं," ते म्हणाले. "माय माझी हाय. ह्ये सुनंनं करायचं नसतंय."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला. पहारेनं फरशी उचकटली. खाली मऊ झालेली माती होती, तिच्यात तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी आणि ती तोंडात धरून सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या. मल्हारराव पातेलं दोन्ही हातांत धरून खड्ड्याशी उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग तोंड भिंतीकडे फिरवून त्यांनी पाणी ओतलं. दुसरं पातेलं बानानं आणून दिलं, तेही ओतलं. पावडर त्यांनीच टाकली. चुना-सिमेंट बानानं कालवून दिलं, लेप त्यांनी लावला.

काम झालं तेव्हा शिवकन्या रिक्षातून उतरत होती. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. मल्हारराव नातीकडे न बघता सरळ मोरीत गेले आणि धोतरानिशी दगडावर बसले. बाना मागोमाग गेली. स्मशानातून आलेल्या माणसाला घालतात तसं तिनं त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. पाण्याखाली त्यांचे खांदे गदगदू लागले. ती ओतत राहिली.

पिंप अर्ध्यावर आलं, मग तळाला गेलं. दारातून शिवकन्येचा आवाज आला, "आई, अवेळी कसली आंघोळ? नळ परवा यायचाय. लेकराला घरात पाणी नको?"

बानानं पिंप तिरकं केलं आणि आणखी एक तांब्या भरला.